सहा ३१ नंतर बघू, आधी ॲबिलिटी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू पोकेमॉन स्कार्लेट खेळतोस, लोकमान्य नगरातली तुम्ही चार-पाच पोरं रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमून डबल्स (दोन-दोन पोकेमॉनची लढाई) लावता, तुझ्याकडे सहाही आयव्ही (प्रत्येक पोकेमॉनच्या आतले जन्मजात लपलेले आकडे, ० ते ३१) ३१ वाला अझुमारिल आहे, स्लेकिंग आहे ज्याची बेस बेरीज (जातीच्या सहा मूळ आकड्यांची) ६७०, गियारडोस आहे, किंगॅम्बिट आहे, आणि तरी ज्या मित्राने पेलिपर अन् बास्क्युलीजनवाली टीम आणलीय तो तुम्हा सगळ्यांना दर आठवड्याला धुऊन काढतो. टॉरकोल तुझ्या बॉक्समध्ये पडून आहे कारण "काका त्याची बेरीज ४७० आणि स्पीड २०, त्याचं काय करू". आणि विचारतोयस की चांगल्या आयव्हीच्या पिल्लासाठी अजून अंडी फोडत बसू का, की पोकेमॉन निवडतानाच काहीतरी वेगळं बघायचं असतं.

काका म्हटलंस, चालेल, पण इंदुरात राहून भिया म्हटलं असतंस तर जास्त बरं वाटलं असतं.

सरळ सांगतो, अंडी फोडणं आज थांबव. आयव्ही ही निवडायची गोष्टच नाही रे, ते शेवटचं काम आहे. पोहेच बिघडले असतील तर वरून जीरावन मसाला कितीही मारा, काही होत नाही. निवड करायची ती ॲबिलिटीची, मतलब तो प्राणी मैदानात उतरल्यावर तुझी एकही टर्न खर्च न करता फुकटात काय करतो ते बघायचं. त्यानंतर त्याने सगळ्यांच्या आधी खेळायचं की सगळ्यांच्या नंतर हे ठरवायचं, मग नेचर (स्वभाव, जो बहुधा एक आकडा वाढवतो आणि एक कमी करतो), आणि आयव्ही सगळ्यात शेवटी. मी हे खेळ बरीच वर्षं खेळतोय, इथल्या पोरांना टीम बांधून देतो, आणि जवळजवळ प्रत्येक नवा पोरगा हाच क्रम उलटा धरून येतो.

उलटा का धरतो तेही समजण्यासारखं आहे. १९९६ ला जपानमध्ये पहिले गेम आले तेव्हा ॲबिलिटी हा प्रकारच नव्हता, प्रत्येक प्राण्याच्या आत फक्त ० ते १५ चे लपलेले आकडे होते, बाकी टाइप आणि मूव्ह्ज, झालं. २००२ ला रुबी आणि सफायर आले आणि एकदम तीन गोष्टी बदलल्या: ते आकडे ० ते ३१ झाले, २५ नेचर आली, आणि प्रत्येकाला जन्मजात ॲबिलिटी आली. पण मोठ्या भावाच्या फोनवर एम्युलेटर लावून जुना गेम खेळलेली पोरं अजून पहिल्याच काळात आहेत, त्यांना बेरीज दिसते, ती मोठी असली की झालं समाधान. आणि आकडे मोजता येतात, ॲबिलिटी वाचावी लागते, आणि वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच.

आता तुझाच अझुमारिल घेऊ. तू स्क्रीनशॉट पाठवलास त्यात ॲबिलिटी थिक फॅट आहे. बघितली होतीस का? ह्या प्राण्याला थिक फॅट किंवा ह्यूज पॉवर यातली एक येते, शिवाय हिडनमध्ये (दुर्मिळ, लपलेली ॲबिलिटी) सॅप सिपर. ह्यूज पॉवर ॲटॅक सरळ दुप्पट करते. अझुमारिलचा बेस ॲटॅक फक्त ५०, म्हणजे कागदावर अगदीच मरतुकडा. लेव्हल ५० ला, ३१ आयव्ही, २५२ ईव्ही (लढून कमावलेले गुण), ॲटॅक वाढवणारं ॲडमंट नेचर, सगळं परफेक्ट केलं तर ॲटॅक होतो ११२. हा तुझा. आता समज दुसऱ्या कुणी ॲटॅकचा आयव्ही शून्य असलेला, एकदम फालतू म्हणून सोडून दिलेला अझुमारिल उचलला, फक्त त्याची ॲबिलिटी ह्यूज पॉवर आहे, ईव्ही आणि नेचर तुझ्यासारखंच. त्याचा होतो ९४, दुप्पट केला की १८८. तुझा परफेक्ट ११२ आणि त्याचा भंगार १८८. आणि जर ह्यूज पॉवरसोबत ३१ पण असेल तर २२४, जे जवळपास तुझ्या स्लेकिंगच्या बरोबरीचं आहे, कारण स्लेकिंग बेस १६० घेऊन सगळं टाकून २३३ ला पोचतो. म्हणजे ४२० बेरीजवाला गोलमटोल निळा ससा ६७० वाल्या महाकाय माकडाइतकंच जोरात मारतो, आणि वरून ॲक्वा जेट आहे त्याच्याकडे, जो आधी लागतो.

तुझं कामही सोपं आहे, नवं अंडं नकोच. ॲबिलिटी कॅप्सूल आण, चॅन्सी सप्लायमध्ये १,००,००० ला मिळते, रेडमध्येही (मिळून करायच्या मोठ्या लढाईत) पडते, तिने दोन साध्या ॲबिलिटीमधली अदलाबदल होते. एक लाख तुला जास्त वाटतील पण ॲकॅडमी एस टूर्नामेंट चारदा मारलीस की कुठल्या कुठे.

स्लेकिंगचं काय मग? अरे त्याची ॲबिलिटी ट्रुअंट आहे, एक टर्न खेळतो आणि एक टर्न लोळतो. गेम बनवणाऱ्यांनी ६७० फुकट नाही दिलेत त्याला, ॲबिलिटीच्या रूपाने अर्धे परत घेतलेत. रेजिगिगसचं तेच, बेरीज ६७०, पण स्लो स्टार्टमुळे पाच टर्न ॲटॅक आणि स्पीड अर्धे. आर्किऑप्सचा ॲटॅक १४०, पण डिफीटिस्टमुळे एचपी अर्ध्यावर आलं की तो हात-पाय गाळून बसतो. मी तर म्हणतो कुठल्याही प्राण्याचे आकडे त्याच्या लायकीपेक्षा जास्त दिसले की पहिला संशय ॲबिलिटीवर घ्यायचा. असल्यांना चालवायचा एक रस्ता आहे, शेजारी न्यूट्रलायझिंग गॅसवाला वीझिंग उभा करायचा, म्हणजे मैदानातल्या जवळपास सगळ्यांच्या ॲबिलिटी बंद, स्लेकिंगचा आळससुद्धा बंद. सोर्ड-शील्डच्या वेळेला रेजिगिगस आणि वीझिंगची जोडी लोकांनी खरंच खेळवली. मजा येते. पण वीझिंग पडला की खेळ खलास, आणि समोरचा काही मूर्ख नसतो, तो पहिले वीझिंगच मारणार. तू आत्ता ह्या भानगडीत पडू नकोस, स्लेकिंगला बॉक्समध्ये झोपू दे, त्याला तेच आवडतं.

आता ॲबिलिटी वाचायची कशी ते सांगतो, कारण लिस्ट तीनशेच्या वर आहे आणि सगळी पाठ करायची गरज नाही. मी स्वतःला एवढंच विचारतो की ही चालू व्हायला काय लागतं. काही अशा असतात ज्यांना काहीच लागत नाही, कायम चालू. ह्यूज पॉवर झाली, लेव्हिटेट झाली (ईलेक्ट्रॉस घे, इलेक्ट्रिक टाइपला फक्त ग्राउंडची भीती, आणि लेव्हिटेटमुळे तीच गेली, म्हणजे कमजोरी उरलीच नाही, फक्त समोर ॲबिलिटी न जुमानणारा मोल्ड ब्रेकरवाला हॅक्सोरस आला की मग रडायचं). काही नुसतं मैदानात आल्या आल्या काम करतात, इंटिमिडेट समोरच्या दोघांचाही ॲटॅक एक पायरी खाली आणते म्हणजे दोन तृतीयांश करते, ड्रिझल पाऊस पाडते, ड्रॉट ऊन आणते. काहींना समोरच्याने काहीतरी करावं लागतं, जशी डिफायंट. आणि काहींना तुलाच आधी तयारी करावी लागते, गट्सला स्टेटस (भाजणं, विषबाधा वगैरे) लागतो, स्विफ्ट स्विमला पाऊस लागतो. डबल्सची मॅच किती टर्न चालते? फार नाही. म्हणून नवीन माणसाने पहिल्या दोन प्रकारातलेच प्राणी आधी उचलावेत, तयारीवाले नंतर, आणि तयारीवाला उचलला तर त्याची तयारी करून देणारा पण टीममध्ये पाहिजे, फुकटात करून देणारा.

तुझ्या मित्राने हेच केलंय. पेलिपर म्हणजे काय, बेरीज ४४०, बघणारा हसतो. पण ड्रिझल, आला की पाऊस, टर्न खर्च नाही. पावसात पाण्याच्या मूव्ह्ज दीडपट आणि शेजारच्या बास्क्युलीजनची स्विफ्ट स्विम चालू, स्पीड दुप्पट. बास्क्युलीजनचा बेस स्पीड ७८ म्हणजे मधला, पण लेव्हल ५० ला पूर्ण ईव्ही देऊन १३० होतो आणि पावसात २६०. ड्रॅगापल्ट, ज्याला लोक वेगाचा बाप समजतात, तो स्पीड वाढवणारं नेचर घेऊनही २१३ ला थांबतो. बस्स. तू त्याच्या प्राण्यांचे आकडे बघत होतास आणि तो दोन ॲबिलिटींची जोडी खेळत होता.

आणि बास्क्युलीजनमध्ये अजून एक जन्मजात गोष्ट आहे जी बरेच जण बघत नाहीत, नर की मादी. नराचा ॲटॅक ११२ आणि स्पेशल ८०, मादीचा ॲटॅक ९२ आणि स्पेशल १००. एकच नाव, दोन वेगळे प्राणी. असलं अजून एक-दोन ठिकाणी आहे, सॅलँडिट आणि कॉम्बी यांच्यात फक्त मादी इव्हॉल्व्ह होते आणि माद्या आठात एक निघतात, म्हणजे नर पकडून कितीही वाढवलास तरी तो तिथेच राहणार. पकडल्या पकडल्या बघून घ्यायचं.

आता तुझा टॉरकोल. इथे थोडा नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तुझ्याच बॉक्समध्ये आहे.

टॉरकोल २००२ पासून आहे, व्हाइट स्मोक नावाची ॲबिलिटी घेऊन वर्षानुवर्षं पडून होता, कोणी विचारत नव्हतं. २०१६ ला सन आणि मूनमध्ये त्याला ड्रॉट मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो मोठ्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये दिसायला लागला. पेलिपरलाही ड्रिझल त्याच गेममध्ये मिळाली. ॲबिलिटी बदलली आणि नशीब बदललं, ह्याच्याहून मोठा पुरावा काय देऊ. (तुझ्या टॉरकोलची व्हाइट स्मोक आहे की ड्रॉट ते बघ पहिले, व्हाइट स्मोक असेल तर परत कॅप्सूल.)

आता गंमत ऐक. दोन हवामानवाले एकाच वेळी मैदानात उतरले तर आधी वेगवानाची ॲबिलिटी चालते आणि मग मंदाची, म्हणजे शेवटी टिकतं ते मंदाचं हवामान. पेलिपरचा बेस स्पीड ६५, टॉरकोलचा २०. दोघं लीडला, म्हणजे सुरुवातीलाच, समोरासमोर आले की आधी पाऊस पडेल आणि लगेच तुझं ऊन निघेल, बास्क्युलीजन मग १३० वर परत. ज्या २० ला तू नावं ठेवतोस तोच तुझा हुकमाचा पत्ता आहे. तो पेलिपर मागे घेऊन परत आणेल, पाऊस परत येईल, हो, पण त्यात त्याची टर्न गेली ना, आणि ॲबिलिटीचं हवामान पाचच टर्न असतं, हवामान लांबवणारा दगड धरला असेल तर आठ.

आणि पुढे ट्रिक रूम ही मूव्ह. पाच टर्न सगळं उलटं, मंद आधी. ट्रिक रूममध्ये टॉरकोल जवळपास सगळ्यांच्या आधी खेळतो, आणि एचपी पूर्ण असेल तर इरप्शन १५० पॉवरची, दोघांनाही लागते, उन्हात अजून दीडपट. तिथे आयव्हीचा हिशोबही उलटा होतो. स्पीड कमी करणाऱ्या क्वायट नेचरचा टॉरकोल, स्पीड आयव्ही शून्य असेल तर २२ वर बसतो, आयव्ही ३१ असेल तर ३६. आता समोर अमूंगस आला, शून्य आयव्ही आणि तसलंच नेचर घेऊन, तर तो ३१ वर असतो. म्हणजे तुझा "परफेक्ट" ३१ वाला टॉरकोल अमूंगसच्या मागे पडला, आणि मागे पडला म्हणजे स्पोर खाऊन झोपला. तेव्हा जज फंक्शनमध्ये (आयव्ही दाखवणारी सोय) स्पीडसमोर "नो गुड" दिसलं की असल्या प्राण्यासाठी मी खुश होतो. आणि म्हणूनच सोनेरी बॉटल कॅप अशा प्राण्याला कधी लावायची नाही, ती सहाही स्टॅट एकदम वर नेते, स्पीडसकट, आणि हे हायपर ट्रेनिंग (कॅपने आयव्ही वाढवणं) परत खाली आणता येत नाही. साधी चंदेरी कॅप घ्यायची, जिथे हवं तिथेच लावायची. डेलिबर्ड प्रेझेंट्समध्ये २०,००० ला मिळते, लेव्हल ५० झाला की माँटेनेवेराला जाऊन काम करून घ्यायचं. मिंट पण २०,००० ची, नेचरचा परिणाम बदलून टाकते. बघ, नेचर आणि आयव्ही दोन्ही पैशाने दुरुस्त होतात, म्हणूनच म्हटलं ते शेवटी.

आयव्ही कुठे खरंच महत्त्वाचा असतो तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काका आयव्हीच्या विरोधात आहेत. वेगाने खेळणाऱ्याच्या स्पीडमध्ये. लेव्हल ५० ला पूर्ण ईव्ही असताना ३० आणि ३१ मध्ये एक पॉइंटचा फरक पडतो आणि तो एक पॉइंट म्हणजे समोर तुझाच प्राणी आला तर कोण आधी मारणार हे ठरतं. पण ज्या स्टॅटमध्ये एकही ईव्ही टाकलेला नाही तिथे लेव्हल ५० ला ३० आणि ३१ एकच आकडा देतात, अपूर्णांक कापला जातो म्हणून, आणि लोक त्या तिथल्या "फँटॅस्टिक" चं "बेस्ट" करायला रात्र रात्र अंडी फोडतात. दुसरं, स्पेशलवाल्या प्राण्याचा ॲटॅक शून्य असलेलाच बरा, कारण फाउल प्ले तुझ्याच ॲटॅकने तुला मारते आणि कन्फ्यूज झाल्यावर स्वतःला मारलेलं पण त्यावरच मोजतात. बाकी ठिकाणी ३१ हवाच पण २८ असल्याने मॅच हरलेला मी तरी कोणी बघितला नाही.

बेरजेबद्दल अजून शंका असेल तर २०१४ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघ, वॉशिंग्टनला झाली होती. कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला. पाचिरिसू म्हणजे खारीएवढा प्राणी, बेरीज ४०५, ज्या मैदानात समोर गार्चॉम्प आणि सॅलमन्स फिरतायत तिथे हा. पण त्याची हिडन ॲबिलिटी व्होल्ट ॲब्सॉर्ब, वीज लागली की उलटा बरा होतो, आणि मूव्ह फॉलो मी, समोरच्याचा वार स्वतःकडे ओढून घेतो. शेजारी कोण होता तर गियारडोस, ज्याला विजेची चौपट भीती. म्हणजे गियारडोसचा एकमेव मोठा शत्रू पाचिरिसूने पिऊन टाकला. लोक त्याला गोंडस गोष्ट म्हणून सांगतात, लहान प्राणी जिंकला वगैरे, मला ते पटत नाही, ती हिशोबाची गोष्ट आहे. त्याने खार निवडली नाही, त्याने गियारडोसच्या शेजारी हवी ती ॲबिलिटी आणि हवी ती मूव्ह असलेला प्राणी शोधला, तो खार निघाला.

हिडन ॲबिलिटीवरून आठवलं. हिडन म्हणजे भारी असं डोक्यातून काढ. कधी कधी असते, ब्लेझिकेनची स्पीड बूस्ट, ड्रॅगनाइटची मल्टिस्केल, इन्सिनरोरची तर इंटिमिडेटच हिडन आहे. पण पेलिपरची हिडन रेन डिश आणि टॉरकोलची शेल आर्मर, म्हणजे हिडन देणारा ॲबिलिटी पॅच लावून तू स्वतःच पाऊस आणि ऊन घालवून बसशील. ॲबिलिटी पॅच सहा स्टारच्या टेरा रेडमधून कधीमधी पडतो, तो जपून वापर. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये पॅच परत लावून हिडनवरून साध्यावर येता येतं हे खरं, पण दोन पॅच त्यात घालवायचे कशाला.

आणि एकच प्राणी दोन खेळात दोन ॲबिलिटी मागतो. तुझा किंगॅम्बिट घे. सिंगल्स खेळणारे सुप्रीम ओव्हरलॉर्ड घेतात, आपल्या प्रत्येक मेलेल्या साथीदारामागे १० टक्के जोर वाढतो, शेवटी एकटा उरला की ५० टक्के. डबल्समध्ये डिफायंट घ्यायची, कारण तिथे प्रत्येक दुसऱ्या टीममध्ये इंटिमिडेट असते. इंटिमिडेटने ॲटॅक एक खाली गेला की डिफायंट दोन वर नेते, निव्वळ एक वर, दीडपट. समोरच्याने त्याचा सगळ्यात लाडका प्राणी काढला आणि तुझा किंगॅम्बिट फुकटात ताकदवान झाला, आणि पुढच्या वेळेपासून तो इन्सिनरोर काढायलाच दोनदा विचार करतो. ही भीती पण ॲबिलिटीचंच काम समज. तुझ्या गियारडोसलाही तसंच, डबल्समध्ये इंटिमिडेट ठेव, मॉक्सी नको, आणि दरवेळी मागे घेऊन परत आणलास की परत चालते हे विसरू नकोस.

अंडी फोडायचीच असतील कधी, तर थोडक्यात. आईची साधी ॲबिलिटी ८० टक्के वेळा पिल्लाला जाते, हिडन असेल तर ६० टक्के, आणि डिट्टोसोबत नर असेल तर नराची जाते. म्हणून जोडी लावायच्या आधी आईची ॲबिलिटी बघायची, तुझ्या मरिलच्या आईची थिक फॅट होती, तिथेच गाडी चुकली. डेस्टिनी नॉट धरलीस की आई-बाप मिळून पाच आयव्ही देतात, एव्हरस्टोन नेचर देतो. टीममध्ये फ्लेम बॉडीवाला टॅलनफ्लेम ठेव, अंडी अर्ध्या वेळात फुटतात. ॲबिलिटी लढाईच्या बाहेरही कामाला येते ती अशी. आणि निसर्गाच्या भरवशावर सहा ३१ मिळायची शक्यता शंभर कोटीत एकापेक्षाही कमी आहे, ३२ चा सहावा घात करून बघ, म्हणून कोणी जंगलात तो शोधत फिरत असेल तर त्याला प्रेमाने घरी पाठव.

बहिणीचं पण विचारलं होतंस, ती पोकेमॉन गो खेळते, राजवाड्याला फिरायला गेली की फोन खालीच ठेवत नाही. तिथे सगळं वेगळं आहे. ॲबिलिटी नाहीतच, आयव्ही तीन आणि तेही ० ते १५, त्यामुळे जंगलातला शंभर टक्केवाला ४०९६ मध्ये एक येतो, आणि रेडमध्ये प्रत्येक आकडा किमान १० असल्याने २१६ मध्ये एक. तिला सांग, शंभर टक्के हवा असेल तर रेड कर. पण ग्रेट लीग खेळायची असेल, १५०० सीपीची (ताकदीचा आकडा) मर्यादा असलेली, तर तिथे बहुतेक प्राण्यांना ॲटॅक कमी आणि बाकी दोन १५ च्या जवळ असलेलेच चांगले, कारण सीपी मोजताना ॲटॅकचं वजन जास्त धरतात, ॲटॅक कमी असला की त्याच १५०० मध्ये लेव्हल जास्त चढवता येते. म्हणजे ट्रान्सफर करायला काढलेल्यांतले काही तिथे सोनं आहेत, आज रात्री पुसून टाकू नकोस म्हणावं.

पालवर्ल्डवाला जो मित्र आहे त्याच्यासाठी दोन ओळी: तिथे एका पालला (तिथला प्राणी) चारपर्यंत पॅसिव्ह, म्हणजे जन्मजात गुण, येतात आणि ते पिल्लात जातात, फक्त लढणारा आणि कामाचा वेगळा ठेवायचा, मसलहेड लढाईत ३० टक्के देतो पण कामाचा वेग अर्धा करतो, कामावर आर्टिझनवाला बसव. टेमटेममध्ये प्रत्येक जातीला दोन ट्रेट असतात, त्यातला एक मिळतो, आणि तिथे सगळी लढाई दोन-दोनचीच, त्यामुळे वर जे सांगितलं ते तिथे अजूनच लागू.

आता तुझी टीम. स्लेकिंग काढ, त्याच्या जागी फॅरिगिराफ आण. जिराफॅरिगला लेव्हल ३२ ला ट्विन बीम येते, ती शिकू दे म्हणजे तो इव्हॉल्व्ह होतो. त्याची आर्मर टेल ॲबिलिटी पाहिजे, तिने समोरच्याच्या प्रायॉरिटी मूव्ह्ज (वेग न बघता आधी लागणाऱ्या) त्याच्यावर आणि शेजाऱ्यावर चालतच नाहीत, मतलब फेक आउट नाही, ॲक्वा जेट नाही, आरामात ट्रिक रूम लावायची. शेजारी टॉरकोल, क्वायट मिंट, इरप्शन एग मूव्ह म्हणून घे. मागे डिफायंटवाला किंगॅम्बिट, त्याचा स्पीड ५० आहे, ट्रिक रूममध्ये त्यालाही बरंच, फक्त स्वतःच्या उन्हात समोरच्याची आग त्याला जास्त लागेल ते लक्षात ठेव. चौथा अमूंगस, हिडनवाली रीजनरेटर, मागे घेतला की एक तृतीयांश एचपी परत.

अझुमारिल आणि गियारडोस पण सहात राहू दे, पण एक गोष्ट, उन्हात पाण्याच्या मूव्ह्ज अर्ध्या होतात, तेव्हा टॉरकोल आणि अझुमारिल एका मॅचला सोबत काढू नकोस, सहातले चारच न्यायचे असतात ना, समोर पाऊसवाला दिसला की टॉरकोलवाले चार, नाहीतर अझुमारिल, गियारडोस, किंगॅम्बिट आणि अमूंगस. आणि मित्र दोन-तीन रविवारी हरला की पेलिपर आधी काढणं बंद करेल, मागे ठेवेल, तुझा टॉरकोल आधी उतरलेला असेल आणि पाऊस नंतर येईल. तेव्हा टॉरकोलला मागे ठेवून फॅरिगिराफ आणि अमूंगस लीड करून बघ, आणि काय झालं ते लिही, पुढचं त्यावर सांगतो.